डब्यावरची मिनिटे आणि आपली मिनिटे

“रोल किती मिनिटे धुवायचा?” हा एका ओळीचा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. विचारणारे बहुतेक विशी-बाविशीतले असतात. वडिलांचा किंवा मामांचा जुना कॅमेरा कपाटातून निघालेला असतो, कृष्णधवल फिल्म कुठून तरी मागवलेली असते आणि कुणीतरी सांगितलेले असते की, अमक्यांकडे जा, ते ऑफिस सुटल्यावर घरी रोल धुतात. मोबाइलच्या या जमान्यात तरुणांना फिल्मची ओढ लागावी याचा आम्हाला आनंदच आहे. पण उत्तर एका आकड्यात द्यावे तर ते खरे उत्तर होत नाही आणि न द्यावे तर पोरगे हिरमुसते. म्हणून या खेपेचा सगळा स्तंभ याच प्रश्नाला देत आहोत.

आधी एवढे समजून घेऊ की त्या मिनिटांत टँकमध्ये घडते काय. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणांना उजेड लागला त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारी खूण राहते. डेव्हलपर अशा कणांची काळी चांदी करतो. न लागलेले कण पुढे हायपो धुऊन काढतो. जिथे उजेड जास्त पडला तिथे चांदी जास्त, म्हणजे निगेटिव्ह दाट. जिथे सावली होती तिथे निगेटिव्ह पातळ.

आता मिनिटांचा संबंध असा. सावलीच्या भागात उजेड लागलेले कण मुळातच थोडे असतात. त्यांचे काम पहिल्या काही मिनिटांतच बरेचसे उरकते. उजेडाच्या भागात मात्र चांदी साठतच राहते. म्हणून रोल जास्त वेळ धुतला की सावलीत फारशी भर पडत नाही, पण उजेडाची बाजू दाट होत जाते. कमी धुतला तर उजेडाची बाजू वर चढतच नाही आणि फोटो मळकट, राखाडी येतो. यावरून जुन्या छायाचित्रकारांनी नियम बांधला की सावली पाहून एक्स्पोजर द्यावे आणि उजेड पाहून रोल धुवावा. जी सावली कॅमेऱ्यात पकडलीच नाही ती टँकमध्ये कितीही वेळ घातला तरी मिळत नाही.

हा नियम आमच्या वाचकांच्या किती जवळचा आहे हे पाहायचे असेल तर घरातले जुने ग्रुप फोटो काढून पाहावेत. लग्नातले असोत, विहाराच्या उद्घाटनाचे असोत. बायका पांढऱ्या शुभ्र साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, वेळ भर दुपारची. फोटोत काय दिसते? साडीचा नुसता पांढरा पट्टा, तिला चुणी नाही की काठ नाही. आणि चेहरे काळेठिक्कर, त्यात डोळ्यांचे तेवढे पांढरे ठिपके. घरचे म्हणतात, “आजी तशी काळीच होती.” आजी काळी होती हे खरे, पण तिच्या चेहऱ्याला गालफडे होती, कपाळावर आठ्या होत्या, गोंदण होते. ते सगळे कुठे गेले?

गेले ते दोन ठिकाणी. पहिले कॅमेऱ्यात. एक्स्पोजर मीटरला समोर दिसते ते सगळे मधल्या राखाडी रंगाचे आहे असे धरून चालण्याची सवय असते. समोर वीस पांढऱ्या साड्या आल्या की त्याला वाटते उजेड फार आहे, आणि तो एक्स्पोजर कमी करायला सांगतो. मग पदराच्या सावलीतला सावळा चेहरा फिल्मवर उमटतच नाही. दुसरे टँकमध्ये. रोल पातळ येईल या भीतीने “मिनिटभर जास्त राहू दे” म्हणण्याची पद्धत बऱ्याच डार्करूममध्ये होती. त्या जास्तीच्या मिनिटाने चेहरा काही आला नाही, साडी मात्र आणखी दाट होऊन बसली. पुढे स्टुडिओवाल्यांनी त्यावर इलाज काढला तो फोटोआधी तोंडाला पावडर लावण्याचा, आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवण्याचा. आम्हाला तो इलाज कधीच पटला नाही. चेहरा गोरा दाखवा असे कुणीच म्हणत नव्हते. तो जसा आहे तसा दिसावा एवढीच अपेक्षा, आणि ती पुरी करण्याची ताकद त्याच फिल्ममध्ये होती.

आता डब्यावरच्या आकड्याकडे वळू. इलफर्डची एचपी-५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म घ्या. तिच्या माहितीपत्रकात कोडॅकच्या डी-७६ डेव्हलपरसाठी, एकास एक पाणी घालून, २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे दिली आहेत. त्याच पत्रकात इलफर्डच्या स्वतःच्या आयडी-११ साठी, तसेच एकास एक पाणी घालून, १३ मिनिटे आहेत. गंमत अशी की हे दोन्ही डेव्हलपर सख्खी भावंडे म्हणावीत इतके सारखे आहेत. डी-७६ ची प्रसिद्ध कृती एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम अशी आहे, आणि आयडी-११ जवळजवळ तोच. पाणी न घालता वापरले तर पत्रकही दोघांना साडेसात मिनिटेच देते. मग पाणी घातल्यावर दोन मिनिटांचा फरक कशाला? ट्राय-एक्स ४०० या फिल्मसाठी कोडॅक डी-७६ मध्ये पावणेसात मिनिटे सांगते आणि एकास एक पाण्यात पावणेदहा.

परवा एका मुलाने नेमके हेच विचारले. “सर, डब्यावर अकरा लिहिलंय, मग अकराच ना?” आम्ही त्याला म्हटले, बाबा रे, कंपनीने आकडा दिला तो तिच्या थर्मामीटरने, तिच्या पाण्याने, तिच्या हलवण्याच्या पद्धतीने आणि साधारण उजेडातला साधारण फोटो गृहीत धरून. आम्ही कारकून माणसे. बजेटातला आकडा आणि वर्षअखेरीचा प्रत्यक्ष खर्च यांत काय अंतर असते ते रोज पाहतो. म्हणून बजेट फाडून टाकत नाही, त्यावरूनच सुरुवात करतो. डब्यावरची अकरा मिनिटे ही तशी सुरुवात आहे.

मिनिटांवर एवढे अवलंबून राहण्याची वेळ का आली, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. पूर्वीच्या प्लेटला तांबडा उजेड दिसत नसे. त्यामुळे तांबड्या दिव्यात ट्रे हलवत छायाचित्रकार डोळ्यांनी पाहत असे आणि पुरे वाटले की प्लेट उचलत असे. इंग्लंडात विडनेस येथील रसायनांच्या कारखान्यात फर्डिनांड हर्टर हे रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे इंजिनिअर नोकरीला होते. कारखान्याचे काम सांभाळून या दोघांनी प्लेट किती काळी झाली हे मोजण्याची रीत बसवली आणि १८९० साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. किती उजेडाला किती काळेपणा, आणि धुण्याची वेळ वाढवली की त्या दोहोंचे नाते कसे बदलते, हे त्यांनी आलेखावर दाखवले. आजही फिल्मच्या माहितीपत्रकात वर चढत जाणारी जी वाकडी रेघ असते ती त्यांचीच देणगी आहे. पुढे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. तिला तांबडा दिवाही चालत नाही. मग पूर्ण अंधारात डोळ्यांचे काम घड्याळ आणि थर्मामीटर यांच्याकडे गेले.

त्या दोघांपैकी आपल्या हवेत घात करतो तो थर्मामीटर. कंपन्यांचे आकडे २० अंशांचे, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तिशीच्या पुढे. पाणी गरम तशी डेव्हलपरची घाई वाढते. इलफर्डने याचा सोपा हिशेब दिला आहे. २० अंशांना ४ मिनिटे लागत असतील तर २३ अंशांना ३ आणि १६ अंशांना ६. म्हणजे अंशामागे साधारण दहा टक्के. या हिशेबाने आपली अकरा मिनिटे २४ अंशांना साडेसातच्या आसपास येतात.

आता पाणी न घातलेल्या डेव्हलपरची साडेसात मिनिटे २४ अंशांना किती होतील ते पाहा. जेमतेम पाच. २७ अंशांना तर चारच्याही आत. आणि पाच मिनिटांखालची वेळ टाळावी असे दोन्ही कंपन्या सांगतात, कारण इतक्या थोड्या वेळात ओतायला आणि काढायला लागणारे सेकंदसुद्धा जड होतात आणि फिल्म एकसारखी धुतली जात नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या हवेत डेव्हलपर एकास एक पाणी घालूनच वापरावा. वेळ लांबते, चूक लपते, आणि एकदा वापरून फेकून दिल्यामुळे थकलेल्या डेव्हलपरचा घोळ राहत नाही. खर्च जास्त होतो असे वाटते, पण बिघडलेल्या रोलपेक्षा स्वस्त पडतो.

तरीही पाणी शक्य तितके २० ते २४ च्या दरम्यान आणावे. फार वरच्या अंशांना दहा टक्क्यांचा हिशेबही विश्वासाचा राहत नाही आणि जिलेटिन मऊ पडते ते वेगळेच. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात माठाचे पाणी चांगले कामाला येते. मुंबईत तोच माठ तेवढा गार करत नाही, कारण हवेतच ओल असल्यामुळे माठाचे पाणी नीट उडत नाही. तिथे बर्फ लागतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, डेव्हलपर पातळ होतो. घमेल्यात पाणी आणि बर्फ घ्यावा आणि त्यात डेव्हलपरची, हायपोची बाटली उभी करून ठेवावी. शेवटच्या धुण्याचे पाणीही तितपत गार असावे. डेव्हलपर २० अंशांचा आणि नळाचे पाणी ३२ चे, असा धक्का दिला तर थराला बारीक सुरकुती पडू शकते. हल्लीच्या फिल्म पुष्कळ कणखर असतात, पण परीक्षा कशाला पाहायची?

थर्मामीटर घरातला तापाचा चालत नाही, तो ३५ अंशांखाली वाचतच नाही. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात काचेचा साधा मिळतो. दोन थर्मामीटर घेतले तर दोघे दोन आकडे दाखवतील, तेव्हा एकच घ्यावा आणि त्यालाच धरून राहावे. तो अर्धा अंश खोटा असला तरी रोज तेवढाच खोटा असेल, आणि आपली मिनिटे त्याच्यासकट ठरतील.

हलवण्याचेही तसेच. टँक हलवला नाही तर फिल्मला लागून असलेला डेव्हलपर थकतो, ताजा तिथे पोचत नाही, आणि डाग किंवा पट्टे येतात. जास्त जोराने सारखा हलवत राहिले तर उजेडाची बाजू लवकर दाट होते आणि भोकांच्या कडेला पट्टे उमटतात. इलफर्डची पद्धत अशी की पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटा-सुलटा करावा आणि मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा तसेच दहा सेकंद. कोडॅक दर अर्ध्या मिनिटाला पाच सेकंद सांगते. कोणतीही घ्या, पण एकच घ्या. एके दिवशी गाणी ऐकत हळू आणि दुसऱ्या दिवशी लोकल पकडायची म्हणून भराभर, असे केले तर मिनिटांना काही अर्थ उरत नाही. वेळ डेव्हलपर ओतून झाल्यापासून धरायची आणि संपायला दहा सेकंद उरले की ओतून काढायला लागायचे, हेही रोज सारखे हवे.

आता आपली मिनिटे शोधायची कशी? एक फिल्म आणि एक डेव्हलपर ठरवावा आणि निदान वर्षभर दुसऱ्याचे नाव काढू नये. आज हा डेव्हलपर, उद्या तो, अशी हौस करणाऱ्यांना आम्ही पाहिले आहे. त्यांच्या कपाटात बाटल्या फार आणि अल्बममध्ये फोटो थोडे.

मग एक रोल या कामासाठी बाजूला काढावा. तो फुकट गेला असे समजू नये, पुढच्या सगळ्या रोलचा तो विमा आहे. घरातल्या कुणाला तरी पांढरी साडी किंवा सदरा घालून दारात उभे करावे. अंगावर ऊन, मागे घरातला अंधार, चेहऱ्याला थोडी सावली. एवढ्यात सगळे येते. कपड्याची चुणी म्हणजे उजेड, चेहरा म्हणजे मधला भाग, काळे केस आणि दाराची चौकट म्हणजे सावली. मीटर चेहऱ्याजवळ नेऊन वाचावा, किंवा कॅमेऱ्यात मीटर असेल तर चेहऱ्याने चौकट भरेल इतके जवळ जाऊन आकडा घ्यावा आणि मग मागे सरून तोच आकडा कायम ठेवावा. छत्तीसच्या छत्तीस फोटो तसेच, लागोपाठ काढावेत. ढग आला तर थांबावे.

हा रोल दीड मीटरहून थोडा लांब असतो. चेंजिंग बॅगमध्ये त्याचे अंदाजाने तीन तुकडे करावेत. एक टँकमध्ये, दोन उजेड न शिरणाऱ्या डबीत. पहिला तुकडा डब्यावरच्या आकड्याने धुवावा. तो सुकवून नीट पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. तिन्ही एकदम धुतले तर शिकायला काही राहत नाही. येथे एक बारकावा आहे. तिसरा हिस्सा फिल्म असेल तर डेव्हलपर कमी थकतो, पूर्ण रोलला तेवढ्याच द्रावणात तो जास्त थकतो. म्हणून पुढे पूर्ण रोल धुताना मोठा टँक घेऊन द्रावण जास्त घ्यावे, नाहीतर चाचणीत सापडलेली वेळ अपुरी वाटेल.

निगेटिव्ह वाचायची रीत सोपी आहे. चांगल्या उजेडात ती वर्तमानपत्राच्या पानावर ठेवावी, हेच पान चालेल. जिथे पांढरी साडी आहे, म्हणजे निगेटिव्हमधला सर्वांत काळा भाग, त्यातून खालची अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. मुळीच वाचता येत नसतील तर रोल जास्त धुतला गेला, दुसरा तुकडा वीस टक्के कमी वेळ धुवावा. अक्षरे लख्ख दिसत असतील आणि साडी व चेहरा यांत फारसा फरक वाटत नसेल तर कमी धुतला गेला, वीस टक्के वाढवावेत. मग केस आणि चौकट पाहावी. तिथे पुसटशी का होईना, केसांची रेघ, लाकडाची शिरा दिसली पाहिजे. तिथे नुसती कोरी काच असेल तर दोष मिनिटांचा नाही, एक्स्पोजरचा आहे, आणि त्यासाठी पुन्हा टँककडे न जाता पुन्हा कॅमेऱ्याकडे जावे लागते.

या दोन दोषांची गल्लत फार होते. ओळखायची एक खूण कंपनीनेच करून ठेवली आहे. फिल्मच्या कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचे नाव छापलेले असते. ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असते, आपल्या कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही. फोटो पुसट पण कडेचे आकडे ठळक, तर एक्स्पोजर कमी. फोटोही पुसट आणि आकडेही पुसट, तर धुणे कमी, किंवा डेव्हलपर जुना. डी-७६ चे द्रावण भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकते, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोनच महिने, असे कोडॅक सांगते. बाटलीवर तारीख लिहून ठेवणे याला पर्याय नाही.

पहिल्या तुकड्यानंतर दुसरा, आणि दुसऱ्याने अंदाज पक्का केला की तिसरा. प्रत्येकाचा प्रिंट एकाच कागदावर, एकाच ग्रेडवर काढावा, नाहीतर एन्लार्जरखाली आपण कागद बदलून दोष झाकतो आणि मिनिटे तशीच राहतात. वहीत तारीख, फिल्म, डेव्हलपर आणि तो कधी बनवला, पाण्याचे प्रमाण, सुरुवातीचे व शेवटचे तापमान, मिनिटे, हलवण्याची पद्धत आणि निकाल यांचे रकाने आखावेत. एका वेळी एकच रकाना बदलायचा. आम्ही नोकरीमुळे हे शिकलो. एकाच दिवशी दोन नोंदी बदलल्या तर ताळेबंद का जुळत नाही ते कुणीच सांगू शकत नाही.

आमची स्वतःची मिनिटे सांगतो, पण ती उचलू नयेत. एचपी-५ प्लस, डी-७६ एकास एक, २४ अंश, इलफर्डच्या पद्धतीने हलवणे. ढगाळ दिवसाच्या किंवा घरातल्या खिडकीच्या उजेडाच्या रोलला साडेसात मिनिटे. भर उन्हात पांढऱ्या कपड्यांच्या माणसांच्या रोलला सहा. मात्र त्या उन्हातल्या रोलला आम्ही कॅमेऱ्यातच एक स्टॉप जास्त देतो, म्हणजे ४०० ची फिल्म २०० ची आहे असे समजून मीटर लावतो. जास्त एक्स्पोजरने पदराखालचा चेहरा फिल्मवर येतो, आणि वीस टक्के कमी धुण्याने साडी हाताबाहेर जात नाही. हे दोन्ही एकत्रच करायचे. नुसते कमी धुतले तर चेहरा होता तिथेच राहील. आणि मीटर एकदा लावला की पूर्ण रोल त्याच प्रकारच्या उजेडात संपवावा लागतो, कारण टँकमध्ये छत्तीस फ्रेमना वेगवेगळी मिनिटे देता येत नाहीत. समारंभ सकाळी मंडपात आणि दुपारी मैदानात असेल तर दोन रोल न्यावेत. २० अंशांना हाच हिशेब अकरा आणि पावणेनऊ असा होतो.

मागच्या डिसेंबरात, विहाराच्या अंगणात, ऐंशीच्या पुढच्या पाच जणींचा एकत्र फोटो आम्ही या रीतीने काढला. निगेटिव्ह पाहून त्यांतल्या एकीची नात म्हणाली, “काका, हिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसतंय!” ते गोंदण घरातल्या आधीच्या एकाही फोटोत आलेले नव्हते.

शेवटी जुन्या रोलविषयी, कारण हाही प्रश्न बऱ्याच घरांत आहे. ट्रंकेत, शिवणयंत्राच्या खणात, फोटो काढलेला पण न धुतलेला रोल सापडतो. काढणारा माणूस हयात नसतो. आत काय आहे ते कुणालाच माहीत नसते, आणि धुणे एकदाच होते. असा रोल उघडून पाहू नये, आणि घाईने कुणाकडे देऊही नये. आधी कवचावर काय लिहिले आहे ते वाचावे. सी-४१ असे लिहिलेले असेल तर तो रंगीत रसायनाचा आहे, कृष्णधवल दिसणारे काही रोलही त्या जातीचे असतात. तो आपल्या डेव्हलपरमध्ये घालू नये.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेला रोल ‘इंदू’ चा होता. उटीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ती फिल्म. कारखाना आता बंद आहे. डबा नव्हता, माहितीपत्रक नव्हते, आणि असते तरी ते ताज्या फिल्मचे. जुन्या फिल्मचा वेग उतरतो आणि तिच्यावर सगळीकडे करडे धुके चढते. वेळ वाढवली की चित्राबरोबर हे धुकेही वाढते, म्हणून नुसते जास्त धुणे उपयोगाचे नाही. आम्ही घरच्यांना सांगितले की सुरुवातीचा वीतभर तुकडा कापावा लागेल, त्यात एक-दोन फोटो जातील. ते तयार झाले. धुके कमी आणणारा डेव्हलपर म्हणून एचसी-११० घेतला, पाणी २० अंशांना आणले आणि तुकडा सहा मिनिटे धुतला. करड्या धुक्यातून कडेचे आकडे वाचता येत होते. फोटोच्या जागी खाटेचा एक पाय आणि शेणाने सारवलेल्या जमिनीची कड, तीही पुसट. म्हणजे मिनिटे थोडी वाढवायला जागा होती, फार नाही. बाकीचा रोल आम्ही सात मिनिटे धुतला.

अकरा फ्रेम आल्या. नऊ माणसांच्या, दोन बैलांच्या. घरच्यांना हवी होती ती त्यांची आई तिसऱ्या फ्रेममध्ये होती, सुपात काहीतरी निवडत बसलेली, मान खाली. निगेटिव्ह इतकी पातळ की साध्या कागदावर नुसता राखाडी चौकोन उमटला. चार नंबरच्या कागदावर चेहरा आला. कागदाच्या नंबरांविषयी पुढच्या खेपेस.